जाऊ दे, ताई

गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५. सकाळी वन्संना दाताच्या डॉक्टरांकडे नेलं. नवी कवळी वरच्या हिरडीला टोचते, ती घासून दिली. आठवडाभर मऊ खायचं. गाडी नातीने चालवली, शेजारी तिचा बाबा. परत येताना चौकात ट्रक आडवा आला. कोणाला लागलं नाही. बापलेक घरापर्यंत भांडले. दुपारी वन्संबरोबर मटार सोलले. वन्सं बोलल्या.

एवढं लिहून मी पेनाचं टोपण लावलं आणि पुन्हा काढलं. मी रोजच्या नोंदीत घडलं ते लिहिते, कोणाला काय वाटलं ते लिहीत नाही. पण "वन्सं बोलल्या" एवढ्यात आजचं काही मावेना. म्हणून हे वेगळ्या कागदांवर लिहायला घेतलं आहे.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. आता पंच्याऐंशीला आल्या. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासू-सासरे नव्हतेच, वन्सं होत्या. आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा त्या नुकत्या कॉलेजात जाऊ लागल्या होत्या आणि ह्यांना अजून बुटाची नाडी बांधता येत नव्हती. वन्संनी कॉलेज सोडलं, एका चष्म्याच्या दुकानात नोकरी धरली आणि भावाला वाढवलं. त्याचा डबा, त्याचा अभ्यास, त्याची सायकल, तापातल्या रात्री, सगळं. रस्ता ओलांडताना त्याचं मनगट धरायच्या आणि "थांब" म्हणायच्या. तो "थांब" ह्यांच्या अंगात इतका मुरला होता की लग्नानंतरसुद्धा आम्ही दोघं बाहेर निघालो आणि आतून वन्संचा आवाज आला, की हे एक पाय दाराबाहेर आणि एक आत ठेवून तसेच उभे. मी हसले की म्हणायचे, तुला नाही कळायचं, ताईचं थांब म्हणजे हँडब्रेक.

उलट ह्यांनी ताईला कसली आज्ञा केल्याचं मला आठवत नाही. "ताई, पाणी दे" हेसुद्धा ह्यांच्या तोंडून निघत नसे. "तहान लागल्यासारखं वाटतंय" असं काहीतरी हवेत सोडून द्यायचे. एकदा वन्संच्या बाहीला शेगडीची झळ लागून कापड धुमसायला लागलं, तेव्हा हे म्हणाले, "ताई, तुझ्या बाहीकडे जरा बघतेस का?" याच शब्दांत. पाणी मी ओतलं.

असा माणूस आपल्या बहिणीला गाडी शिकवणार होता.

वन्संचं दुकान बाजारातल्या कोपऱ्यावर होतं. पुढे काउंटर, भिंतभर आरसे, फ्रेमची कपाटं आणि मागे पडद्याआड एक अरुंद खोली. त्या खोलीत वन्सं बसायच्या. फ्रेमचा आकार काचेवर आखायचा, कड तोडायची, मग फिरत्या दगडावर पाण्याची धार धरून ती घासायची, पुन्हा फ्रेमला लावून बघायची, पुन्हा घासायची. केसाएवढी फट राहिली तरी त्यांना चालत नसे. दुकानातले लोक त्यांना मिलिमीटरबाई म्हणायचे, तोंडावर म्हणायचे आणि त्यांना ते आवडायचं. बोटांची टोकं कायम पांढुरकी असायची. घरी आल्यावर कितीही हात धुतले तरी चहाच्या कपावर बारीक पूड उमटायची.

काम आवडतं होतं, पण एक गोष्ट त्यांना खुपायची. गिऱ्हाईक पडद्याच्या पुढे आणि त्या मागे. त्यांच्याकडे यायची ती फक्त नंबरांची चिठ्ठी. एका रात्री जेवताना त्यांनी सांगितलं होतं की आज एका म्हाताऱ्याने जन्मात पहिल्यांदा चष्मा घातला, शेजारी उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलं आणि म्हणाला, तू एवढी म्हातारी कधी झालीस? सगळं दुकान हसलं. आम्हीही हसलो. वन्सं हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काचा माझ्या होत्या. मी आतून नुसतं हसणं ऐकलं."

मग मालकांच्या डोक्यात व्हॅनचं आलं. गावाबाहेर लांब लांब वस्त्या आहेत, खाणीजवळ, पुलापलीकडे, विटांच्या भट्ट्यांपाशी. तिथली माणसं कामाचा दिवस मोडून दुकानात येत नाहीत. तर दुकानानेच त्यांच्याकडे जायचं. गाडीत डोळे तपासायचे, मापं घ्यायची आणि पुढच्या फेरीला तयार चष्मा आपल्या हाताने नाकावर बसवून द्यायचा. पण गाडीबरोबर दोन माणसं पाठवणं त्यांना परवडणार नव्हतं. चालवणारा आणि तपासणारा एकच हवा होता. डोळे तपासायला वन्सं दुकान बंद झाल्यावर मालकांकडूनच शिकल्या होत्या, हौसेने. मालक म्हणाले, मिलिमीटरबाई, लायसन घेऊन या, गाडी तुमची. वर्षअखेरपर्यंत मी दुसऱ्या कोणाला विचारत नाही.

त्या दिवशी वन्सं घरी आल्या त्या पर्स खांद्यावरून न काढताच जेवणाच्या टेबलाशी बसल्या. तेव्हा त्या पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. म्हणाल्या, "बाळ, मला गाडी शिकायचीय." हे तेव्हा चाळिशीचे, डोक्यावरचे केस विरळ झालेले, ऑफिसात हाताखाली माणसं, पण वन्संना बाळच. या घरात वन्संनी स्वतःसाठी काही मागितलेलं मी तरी पहिल्यांदाच ऐकत होते. मी म्हटलं, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घाला. त्या म्हणाल्या, कोणी परका माणूस माझ्या पायाकडे टक लावून बसणार आणि वर खेकसणार, त्यापेक्षा मी चालत जाईन वस्त्यांवर. हे म्हणाले, "मी आहे ना, ताई."

आमच्याकडे तेव्हा फिक्या निळ्या रंगाची जुनी गाडी होती. चारही दारं चार वेगळ्या आवाजांत लागायची. हे पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचे, आणि खात्याच्या पंपहाउसमागे पाइप ठेवायचं मोठं मैदान होतं. सुट्टीच्या दिवशी तिथे चिटपाखरू नसे. पहिल्या धड्याच्या आदल्या दिवशी ह्यांनी क्लच म्हणजे काय ते दाखवायला एक चित्र काढलं. मोजमाप धरून, बाजूने छेद घेऊन, बाण काढून. वन्संनी ते चष्मा वर करून, खाली करून पाहिलं आणि म्हणाल्या, चित्र सुरेख आहे रे, पण पाय कुठे ठेवू?

मी मागच्या सीटवर थर्मास घेऊन बसायची. ह्यांची शिकवायची तऱ्हा मला पाठ झाली. "ताई, गिअर बदलावा असं वाटतंय का तुला?" त्यावर वन्सं म्हणायच्या, "मला काय वाटायचंय? गाडीला काय वाटतंय ते सांग." ब्रेक लाव असं हे कधी म्हणत नसत. "भिंत जवळ आल्यासारखी दिसतेय, नाही का?" म्हणायचे. वन्संनी तेही शिकून घेतलं. भिंतीचा विषय निघाला की त्या ब्रेकवर पाय ठेवायच्या. शिष्य म्हणून त्या फार चांगल्या होत्या. काम करताना दगडावर काच धरली की आत्ता म्हणजे आत्ता उचलावी लागते, तसंच त्या ऐकलं की लगेच करायच्या. पहिले काही रविवार गाडी बेडकासारखी उड्या मारत गेली आणि चहा माझ्या मांडीवर सांडला. पण नंतर त्या सिमेंटच्या पाइपांच्या दोन ओळींमधून गाडी उलटी अशी काढायला लागल्या की मी डोळे मिटायचं सोडून दिलं. दोन्ही बाजूंना सारखं अंतर. खाली उतरून बघायच्या आणि ते सारखं नसलं तर पुन्हा आत बसायच्या.

त्यांनी गाडीसाठी कॅनव्हासचे बूट घेतले होते. ते फक्त धड्याच्या दिवशी घालायच्या आणि घरी आल्यावर पुसून खोक्यात ठेवायच्या. परीक्षेची तारीख मिळाली. वस्त्यांचा रस्ता त्यांनी मालकांच्या नकाशावरून पाठ केला. रात्री भांडी पुसताना मला सांगायच्या, खाणीच्या वळणावर दुसरा गिअर, पुलावर चढताना थांबायचंच नाही.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात हे पहिल्यांदाच त्यांना मैदानाच्या फाटकाबाहेर घेऊन गेले. फाटकासमोर रस्ता आहे. उजवीकडून खात्याचाच पाण्याचा टँकर येत होता, वेगात नव्हता, पण येत होता. वन्संनी क्लच दाबून गाडी फाटकात उभी केली होती. ह्यांनी टँकर पाहिला आणि म्हणाले, "जाऊ दे, ताई, जाऊ दे."

शाळेत आम्हाला व्याकरण शिकवणाऱ्या सिस्टर होत्या. ज्या वाक्यात कोण आणि कोणाला हे कळत नाही, त्याच्याखाली त्या लाल शाईने रेघ मारायच्या आणि शेजारी प्रश्नचिन्ह काढायच्या. मागे बसून मी ते शब्द ऐकले आणि मलाही कळलं नाही. हे म्हणत होते, टँकरला जाऊ दे. वन्संनी ऐकलं, गाडी जाऊ दे. त्यांनी क्लच सोडला.

टँकरवाल्याने गाडी बाजूला घेतली म्हणून निभावलं. वन्संनी स्टिअरिंग डावीकडे ओढलं आणि आमची गाडी फाटकाच्या खांबाला बसली. ह्यांचं कपाळ पुढच्या काचेवर आपटलं. रक्त भुवईवरून डोळ्यात आलं. वन्संनी स्वतःचा रुमाल दाबून धरला, दुसऱ्या हाताने त्यांचं मनगट धरलं, आणि टाके पडेपर्यंत ते मनगट सोडलं नाही. डॉक्टरांना हे सांगत होते, कपाटाचं दार लागलं.

रात्री जेवताना दोघांचं सुरू झालं. हे म्हणाले चूक माझी, मी नीट बोललो नाही. वन्सं म्हणाल्या, नाही रे, चूक माझी, मला समोर दिसत होतं. हे म्हणाले छे छे, तू ऐकलंस तसंच केलंस. चूक कोणीच कोणाला देईना. मी मधे बसून भाजी वाढत होते आणि मनातून मला त्या दोघांचं कौतुक वाटत होतं. आमच्या घरात कधी आवाज चढत नाही, असं शेजारीपाजारी म्हणायचे, आणि ते खरंच होतं.

गाडी गॅरेजमध्ये गेली. परीक्षेची तारीख हुकली, पण वर्षअखेरीला वेळ होता. दुसरी तारीख घेता आली असती. गाडी परत आली त्या रविवारी मी मुलाला केस कापायला घेऊन गेले होते. परत आले तर गाडी अंगणात, धुऊनपुसून लखलखीत, आणि किल्ली दाराजवळच्या खिळ्यावर. हे स्वयंपाकघरात येऊन म्हणाले की ताईला विचारलं, तिच्या मनात नाही आता. मला वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही. रक्त बघितलेलं माणूस मागे सरतं. वन्संनी काही ठरवलं की ते ठरलं, त्यावर दुसऱ्यांदा विचारायची या घरात रीतच नव्हती.

वन्संनी मालकांना नाही म्हणून सांगितलं. मालकांनी व्हॅनवर एक तरुण मुलगा घेतला. त्याला डोळे तपासायला वन्संनीच शिकवलं, आणि मन लावून शिकवलं. सकाळी तो व्हॅन घेऊन आमच्या गल्लीच्या तोंडावरून जायचा. त्याच वेळी वन्सं बसस्टॉपवर उभ्या असायच्या. तो हात करायचा, त्याही करायच्या. व्हॅनमधून आलेल्या चिठ्ठ्या संध्याकाळी मागच्या खोलीत यायच्या आणि वन्सं त्या माणसांच्या काचा घासायच्या. चिठ्ठीवर नंबराखाली वस्ती लिहिलेली असे. कधीकधी घरी येऊन म्हणायच्या, आज खाणीतले पाच होते, एकाचा नंबर भयंकर, बिचाऱ्याला सुरुंग दिसत होता की नाही देव जाणे. निवृत्त होईपर्यंत तो पडदा काही त्यांनी ओलांडला नाही. मालकांनी पुन्हा विचारलं नाही. आमची गाडी ह्यांनी अजून काही वर्षं चालवली. वन्सं मागे बसायच्या, माझ्या शेजारी.

हे कधीतरी बोलायचे. व्हॅन दिसली की म्हणायचे, ताईने तेव्हा मनावर घ्यायला हवं होतं. मी हं म्हणायची. वन्संसमोर हा विषय आम्ही काढला नाही. जखमेवर बोट कशाला ठेवायचं, असं आम्हाला वाटायचं. ह्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

आता आजचं.

नातीला शिकाऊ लायसन मिळालंय. मुलगा तिला शिकवतो. आज आम्हा दोघी म्हाताऱ्यांना मागे बसवून तिने गाडी चालवली. जाताना सगळं ठीक झालं. येताना चौकात डावीकडून ट्रक वळत होता आणि ही आपली निघाली. मुलगा केवढ्यांदा ओरडला, "थांब! थांब म्हटलं ना!" तिने ब्रेक दाबला, आम्ही दोघी पुढच्या सीटवर जाऊन आपटलो, वन्संची कवळी हातात आली. ट्रक गेला. मग जे सुरू झालं ते अंगणात गाडी लागेपर्यंत. ती म्हणे, ओरडलास कशाला, मला दिसत होता. तो म्हणे, दिसत होता तर निघालीस कशी, डोळे बघायला असतात की काजळ लावायला? ती म्हणे, तू आजोबांच्या गाडीचा दिवा फोडला होतास ते सांगू का आजीला? मला ते माहीत होतं. घरी पोहोचल्यावर मुलगा उतरला, दार आपटलं, आणि आत जाता जाता म्हणाला, उद्या सकाळी साडेसहाला, झोपून राहू नकोस. ती म्हणाली, बरं.

दुपारी मी आणि वन्सं जेवणाच्या टेबलावर मटाराची पिशवी ओतून बसलो होतो. कवळी त्यांनी पुन्हा बसवली होती, पण शब्द जरा शिट्टीसारखे येत होते.

"काय छान भांडतात गं," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, छान कसलं, माझे कान किटले.

"तो थांब म्हणाला, ती थांबली. मग दोघं एकमेकांना वाट्टेल ते बोलले. आणि उद्या पुन्हा जाणारेत." एक शेंग त्यांनी सोलली, दाणे वाडग्यात टाकले. "बाळ मला ओरडला नाही कधी. नको म्हणाला तोही किती गोडीने म्हणाला."

मी विचारलं, कशाला नको म्हणाले?

"गाडीला. तू नव्हतीस तेव्हा घरात. मुलाचे केस कापायला गेली होतीस."

मग त्यांनी सांगितलं. त्या रविवारी त्या पहाटेच उठल्या होत्या. केस घट्ट बांधले, खोक्यातून बूट काढून घातले आणि पलंगाच्या कडेला बसून राहिल्या. आपण होऊन जाऊन विचारायचं त्यांना धाडस होईना, कारण ह्यांच्या कपाळावर अजून पट्टी होती. थोड्या वेळाने हे दारात आले, हातात ओलं फडकं. वन्सं म्हणाल्या, बाळ, खूण राहणार रे कपाळावर. ह्यांनी पट्टीला हात लावला आणि म्हणाले, जाऊ दे, ताई.

"मी म्हटलं, बरं," वन्सं म्हणाल्या. "आणखी काय म्हणणार? थोडा वेळ उभा राहिला, मग गेला. मी बूट काढून ठेवले."

मी पुढची शेंग उचलली. त्यांना वाटलं मी त्यांची समजूत घालायला शब्द शोधते आहे, म्हणून त्याच पुढे बोलल्या. "राग नाही हं मला. माझ्या शेजारी बसून ज्याचं डोकं फुटलं, त्याने पुन्हा का बसावं? पण एवढंच वाटायचं कधीकधी, की त्याला सायकल शिकवताना किती वेळा तो माझ्या अंगावर येऊन पडलाय. माझे गुडघे बघ अजून. मी नाही म्हटलं त्याला, सोड आता सायकल."

मला ह्यांचं त्या दिवशीचं बोलणं शब्दाशब्दाने आठवलं. सिंकपाशी उभे होते, फडकं पिळत होते. म्हणाले होते, "म्हटलं तिला, झालं-गेलं ते जाऊ दे. नुसतं बरं म्हणाली, उठली नाही. घाबरलीय ती. आता मी आग्रह करणार नाही."

इतकी वर्षं माझ्याकडे अर्धं होतं आणि वन्संकडे अर्धं, आणि ती दोन अर्धी आज मटाराच्या टरफलांत एकमेकांना भेटली. सांगावं की नाही, हे ठरवायला मला दोन-चार शेंगा लागल्या असतील. गप्प बसता आलं असतं. पंच्याऐंशी वर्षांच्या बाईला कशाला सांगायचं की तुम्ही उठला असतात तर गाडी तयार होती? पण भाऊ आपल्या शेजारी बसायला तयार नव्हता, हे घेऊन त्या इतकी वर्षं याच घरात वावरल्या होत्या. तेही त्यांच्याकडे तसंच ठेवून देणं मला जमेना.

"वन्सं," मी म्हटलं, "ते नको म्हणत नव्हते. अपघाताचं जाऊ दे म्हणत होते. गाडी पुसून तुम्हाला न्यायलाच आले होते. मला त्याच दिवशी सांगितलं त्यांनी. ते म्हणाले, तुमच्या मनात नाही. मी तेच धरून चालले."

त्यांचा हात वाडग्यावर थांबला.

"चल म्हणाला नाही तो."

"नाही. चल म्हणाले नाहीत."

"मला वाटलं, गाडी विकायला काढतोय म्हणून पुसली."

"तुमच्यासाठी पुसली होती."

त्या टेबलाकडे बघत होत्या. मग विचारलं, "म्हणजे बसायला तयार होता माझ्या शेजारी?"

"होते."

"आणि त्याला काय वाटलं? मी भ्याले?"

याला खोटं उत्तर देता आलं असतं. मी हो म्हटलं.

"शेवटपर्यंत?"

"हो, वन्सं."

"मी भ्याले नव्हते," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. मला उद्देशूनही नव्हतं ते. मग टेबलाला हात टेकून उठल्या आणि आपल्या खोलीत जाऊन पडल्या. उरलेले मटार मी एकटीने सोलले. टरफलं एका बाजूला, दाणे एका बाजूला करताना सारखं मनात येत होतं की त्या दोघांपैकी एकाने जरी तेव्हा दुसऱ्यावर खापर फोडलं असतं, तू नीट सांगितलं नाहीस, तू नीट पाहिलं नाहीस, असे दोघं तासभर कडाकडा भांडले असते, तर त्या भांडणात सगळं बाहेर पडलं असतं आणि पुढच्या रविवारी पुन्हा मैदानावर गेले असते. मी त्या शांत घराचं कौतुक करत भाजी वाढत बसले होते.

संध्याकाळी त्या जेवायला बाहेर आल्या नाहीत. नातीने मऊ भात खोलीत नेऊन दिला. मी भांडं आणायला गेले तर अर्धा खाल्ला होता. दिवा लावलेला नव्हता, पण जाग्या होत्या. मी निघाले तशा म्हणाल्या, "शेवटी हॉस्पिटलात असताना तो माझ्याबद्दल काही बोलला का गं? गाडीचं?"

मी पलंगाच्या कडेला बसले. बोलले होते. औषधाच्या गुंगीत होते तेव्हा, आणि मी ते कोणाला सांगितलं नव्हतं, कारण त्या वेळी त्यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, "म्हणाले होते, ताईला गाडी येत होती गं. सगळी येत होती."

"सगळी म्हणाला?"

"सगळी म्हणाले."

वन्संनी कूस बदलली. मी उठून भांडं उचललं, तेव्हा भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "मग एकदा तरी ओरडायचं होतं माझ्यावर."

मी दार ओढून घेतलं. रोजच्या डायरीत आजच्या नोंदीखाली एवढंच वाढवलं: रात्री गॅसचा सिलिंडर संपला, दुसरा लावला. उद्या भरलेल्यासाठी फोन करणे.